सिगारेट नाही, तंबाखू नाही, तरी टॉन्सिलचा कॅन्सर कसा? एचपीव्हीबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ५२ वर्षांचे, आयुष्यात सिगारेट नाही तंबाखू नाही, दाढी करताना मानेला गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने तशीच राहिली, मधे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, शेवटी सुई घालून तपासलं तर कॅन्सरच्या पेशी निघाल्या आणि मूळ सापडलं उजव्या टॉन्सिलमध्ये. रिपोर्टवर पी१६ पॉझिटिव्ह, म्हणजे एचपीव्ही व्हायरसची खूण, असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी स्टेज चार सांगितली, दुसऱ्यांनी स्टेज एक. नेटवर एचपीव्ही शोधलं तर बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि शरीरसंबंध एवढंच दिसलं, आणि आता तुमच्या मनात चार गोष्टी आहेत, हा ह्यांना आला कुठून, मला झालाय का, मुलांना काही होईल का, आणि हा म्हणे 'चांगला' कॅन्सर असतो तर मग ट्रीटमेंट थोडी कमी घेतली तर चालेल का.

मी डोकं आणि मान ह्या भागातल्या कॅन्सरचा सर्जन आहे, वीसेक वर्षं हेच करतोय. एचपीव्ही हा शब्द घरात आला की दोन चुका होताना मी सारख्या बघतो. पहिली म्हणजे संशय, नवरा-बायकोत बोलणं बंद होतं. दुसरी म्हणजे गाफीलपणा, की हा सौम्य कॅन्सर आहे, बरा होतोच, मग रेडिएशनचे सात आठवडे कशाला हाल सोसायचे. दोन्हींनी नुकसान होतं, आणि दोन्ही चुका आजार नीट समजला नाही म्हणून होतात, म्हणून आधी आजारच सांगतो, उत्तर लांबलं तर समजून घ्या.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, आणि तो एक नसून २०० च्या वर भावंडं आहेत. हातापायाला चामखीळ येते तीही ह्याच कुटुंबातल्या कुणामुळे तरी. ६ आणि ११ नंबरचे प्रकार गुप्तांगावर मस उठवतात, कधीकधी स्वरयंत्रावरही, लहान मुलांचा आवाज त्याने बसतो आणि मस पुन्हापुन्हा काढावे लागतात, पण तो कॅन्सर नसतो. कॅन्सर करणारे साधारण डझनभर आहेत, त्यात १६ आणि १८ हे मुख्य. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हे दोघं मिळून जवळपास ७० टक्के केसेस करतात. घशात मात्र १८ फारसा दिसत नाही, तिथे एचपीव्हीमुळे होणाऱ्या दहा कॅन्सरपैकी साधारण नऊ एकट्या १६ नंबरचे.

आता घशात कुठे, हे फार महत्त्वाचं आहे कारण इथे लोकांचा आणि कधीकधी डॉक्टरांचाही गोंधळ होतो. तोंड उघडल्यावर समोर दिसतं ते, म्हणजे गाल, हिरड्या, जिभेचा पुढचा भाग, तिथले कॅन्सर तंबाखू, सुपारी, दारू ह्यांचे, एचपीव्हीचा वाटा तिथे अगदी थोडा. एचपीव्हीचं घर त्याच्या मागे आहे, दोन्ही बाजूचे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ, म्हणजे जीभ घशात उतरते तो भाग, त्याच्यावरही टॉन्सिलसारखाच टिश्यू असतो. ह्या सगळ्या भागाला आम्ही ओरोफॅरिंक्स म्हणतो. त्यामुळे गालाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर कुणी पी१६ करून पॉझिटिव्ह म्हणून आनंद मानू नये, ती टेस्ट त्या जागेसाठी नाही.

इथेच का, ह्याचं कारण मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. टॉन्सिल वरून गुळगुळीत दिसला तरी त्याच्यात खोल खोल बोगदे असतात, एकेका टॉन्सिलमध्ये दहा-वीस तरी, आणि त्यांना पुन्हा फाटे. ह्या बोगद्यांचं अस्तर मुद्दाम विरळ असतं, जाळीसारखं, कारण टॉन्सिलचं कामच आहे की तोंडावाटे आलेले जंतू आतल्या पांढऱ्या पेशींना दाखवायचे, मग दार उघडं नको का. बाकी ठिकाणी ह्या व्हायरसला आत शिरायला कातडीला खरचटलेलं लागतं, कारण त्याला सगळ्यात खालच्या थरातल्या पेशीपर्यंत पोचायचं असतं, पण टॉन्सिलच्या बोगद्यात ते खरचटलेलं निसर्गानेच ठेवलंय. वर तिथलं वातावरण असं असतं की पांढऱ्या पेशींनी उगाच प्रत्येक गोष्टीवर तुटून पडू नये म्हणून त्यांना आवर घातलेला असतो, त्याचाही फायदा व्हायरसला मिळतो.

आत शिरल्यावर बहुतेक वेळा शरीर त्याला काढून टाकतं. क्वचित एखाद्या माणसात तो वर्षानुवर्षं राहतो आणि मग त्याची दोन प्रोटीन्स काम बिघडवतात, ई६ आणि ई७. पेशीत पी५३ नावाचा एक पहारेकरी असतो, डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारा नाहीतर मरायला लावणारा, ई६ त्याला पकडून पेशीच्याच कचराकुंडीत टाकून देतो. दुसरा आरबी, म्हणजे पेशी विनाकारण वाढू नये म्हणून लावलेला ब्रेक, तो ई७ काढून टाकतो. आता गंमत बघा, आरबी गेला की पेशीला कळतं वाढ आवरत नाहीये, म्हणून ती पी१६ नावाचं आणखी एक आवर घालणारं प्रोटीन ढिगाने बनवायला लागते, पण पी१६ काम करतं ते आरबीच्या मार्फत, आणि आरबी तर जागेवर नाहीच, त्यामुळे पी१६ नुसतं साचत जातं. पॅथॉलॉजिस्ट रंग लावून तेच साचलेलं पी१६ बघतो, किमान ७० टक्के पेशींत ते ठळक दिसलं तर पॉझिटिव्ह म्हणतो. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा पी१६ हा व्हायरस नव्हे, व्हायरसने मागे ठेवलेला पाऊलखुणेसारखा पुरावा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तंबाखूच्या कॅन्सरमध्ये उलटं असतं, तिथे पी५३ चं जीनच वर्षानुवर्षांच्या धुराने मोडलेलं असतं आणि पी१६ चं जीन बहुतेक वेळा हरवलेलं. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जीन शाबूत असतं, फक्त बनलेलं प्रोटीन फेकलं जातं. रेडिएशनला हे कॅन्सर जास्त चांगला प्रतिसाद देतात त्यामागे हेही एक कारण मानतात. एकाच जागेवरचे, एकाच नावाचे, पण आतून दोन वेगळे आजार आहेत हे.

हे कळायला वेळ लागला. १९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांच्या टीमने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून १६ नंबर वेगळा केला, पुढच्या वर्षी १८, आणि त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. तोंडा-घशातही ह्याचा हात असेल असं १९८३ मध्येच फिनलंडच्या संशोधकांनी सुचवलं होतं पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००० साली अमेरिकेत मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मान ह्या भागातल्या कॅन्सरच्या २५३ पेशंटच्या गाठी तपासल्या, सुमारे २५ टक्क्यांत एचपीव्ही सापडला, आणि ते पेशंट मुख्यतः टॉन्सिलच्या भागातलेच होते, आणि त्यांचा परिणामही चांगला होता. तिथून चित्र बदललं. आज अमेरिकेत ह्या भागातल्या कॅन्सरपैकी ७० टक्के एचपीव्हीशी जोडलेले धरतात आणि तिथे पुरुषांच्या घशातले हे कॅन्सर आकड्याने बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पुढे गेलेत. जिथे तंबाखू जास्त आहे, जसं की दक्षिण आशिया, तिथे हे प्रमाण बरंच कमी आहे, म्हणून तिथे डॉक्टरच्याही पटकन मनात येत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, आला कुठून. हा व्हायरस तोंडात मुख्यतः मुखमैथुनातून येतो हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही, आयुष्यात असे जोडीदार जितके जास्त तितका धोका जास्त हे अभ्यासांत दिसलंय. पण त्यावरून एकट्या माणसाबद्दल काहीच काढता येत नाही, आणि का ते सांगतो. अमेरिकेत १४ ते ६९ वयाच्या लोकांच्या तोंडातली लाळ तपासली तर जवळपास ७ टक्के लोकांत कुठला ना कुठला एचपीव्ही सापडला, पुरुषांत १० टक्के, बायकांत साडेतीनच्या आसपास, आणि १६ नंबर साधारण १ टक्क्यात. ह्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, पुरुषांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात तोंडातला संसर्ग निम्म्या लोकांत सात महिन्यांच्या आत निघून गेला होता. आणि ज्याचा जात नाही त्याला कॅन्सर व्हायला दशकं लागतात. कॅन्सर सापडण्याच्या दहा-दहा वर्षं आधी घेऊन ठेवलेल्या रक्तात ह्याच ई६ विरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्यात, म्हणजे तेव्हाच आत काहीतरी चालू होतं. तुमच्या मिस्टरांना हा संसर्ग विशीत झाला असेल, लग्नाआधी, लग्नानंतर तुमच्याकडून, कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हाला स्वतःला तो कधी होऊन कधी गेला हेही कळलं नसेल. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या माणसालाही हा कॅन्सर होतो, कारण त्या जोडीदाराला आधी कधीतरी संसर्ग झालेला असू शकतो.

मी हे इतकं स्पष्ट लिहितोय कारण एक जोडपं माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. ट्रीटमेंटच्या तिसऱ्या आठवड्यात बाई यायच्या बंद झाल्या, गृहस्थ एकटे यायचे, घसा सोललेला, पाणीसुद्धा गिळता येत नाही, आणि घरी कुणी बोलत नाही. मी दोघांना बोलावून हेच सगळं समजावलं, पण उशिरा समजावलं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी पी१६ चा रिपोर्ट देताना जोडीदाराला बाहेर बसवत नाही, आणि दोघांनाही पहिलं वाक्य हेच सांगतो की ह्या रिपोर्टवरून कुणाच्या वागण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तुम्हाला झालाय का. अशा पेशंटच्या नेहमीच्या जोडीदारांच्या तोंडाची तपासणी करून बघितलीय, त्यांच्यात एचपीव्हीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकंच निघालं, १६ नंबर तर फारच क्वचित. इतक्या वर्षांच्या सहवासात जी देवाणघेवाण व्हायची ती होऊन गेलेली असते आणि तुमच्या शरीराने ती निस्तरलेली असते. त्यामुळे आता वेगळं झोपणं, चुंबन टाळणं, शरीरसंबंध बंद करणं, ह्याची काही गरज नाही. ताट, पेला, टॉवेल ह्यातून हा पसरत नाही, मुलांना जवळ घेतल्याने तर नाहीच. तुम्ही तुमची गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी वेळच्या वेळी करत रहा, ती कुठल्याही बाईने करायचीच असते, त्यात ह्या निदानामुळे जास्तीचं काही लागत नाही. तोंडातल्या एचपीव्हीची टेस्ट स्वतःसाठी करून घेऊ नका, पॉझिटिव्ह आली तर पुढे करण्यासारखं काही नसतं, नुसती झोप उडते.

गर्भाशयमुखासारखी आधीच पकडण्याची तपासणी घशासाठी का नाही असं पुष्कळ जण विचारतात. तिथे कॅन्सरच्या आधीची पायरी डोळ्याला आणि ब्रशला सापडते, इथे सगळं त्या बोगद्यांच्या तळाशी चालतं, वरून टॉन्सिल साफ दिसतो. त्यामुळे सध्या तरी पहिली खूण बहुतेक वेळा मानेतली गाठच असते, आणि ह्या गाठीबद्दल मला जरा जास्त लिहू द्या कारण इथे माझ्या हातून चूक झालीय.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, पंचेचाळीस-सेहेचाळीसचे एक गृहस्थ, जबड्याच्या कोनाखाली मऊ गाठ, सोनोग्राफीत आत पाणी भरलेलं, सुईने काढलं तर नुसतं पिवळसर पाणी आणि मोजक्या पेशी. मी म्हटलं जन्मापासूनची सिस्ट आहे, कधीकधी मोठेपणी फुगते, आणि काढून टाकली. आठवड्याने पॅथॉलॉजिस्टचा फोन आला की सिस्टच्या भिंतीत कॅन्सर आहे. मग घसा तपासला, टॉन्सिल दिसायला अगदी नॉर्मल, बोटाला किंचित कडक लागला, तो पूर्ण काढल्यावर आत सेंटिमीटरपेक्षाही लहान गाठ निघाली. माणूस पुढे बरा झाला, पण मी आधीच मान उघडून ठेवली होती, त्यामुळे पुढची सगळी ट्रीटमेंट त्या जखमेच्या वणावरून द्यावी लागली, आणि हा ताण त्यांना माझ्यामुळे सोसावा लागला. एचपीव्हीचा स्वभावच असा आहे, मूळ गाठ इवलीशी आणि मानेतली मोठी, वर पुष्कळदा पाण्याने भरलेली. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत पाण्याची गाठ दिसली की ती कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत कॅन्सर समजूनच चालायचं, आधी सुई, सुईत काही निघालं नाही तर सोनोग्राफीखाली पुन्हा सुई, घसा कॅमेऱ्याने बघायचा, स्कॅन, आणि गाठ उघडून काढणं अगदी शेवटी. मोठ्या माणसाची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स नको, तपासणी हवी. तुमचे दोन महिने गेले त्याचं वाईट वाटतं, पण तुमच्याकडे निदान सुई आधी झाली, गाठ कापली नाही, ते बरोबर झालं.

आता स्टेज चार की स्टेज एक. दोन्ही डॉक्टर चुकीचे नाहीत, ते दोन वेगवेगळी पुस्तकं वाचतायत. जुन्या पद्धतीत मानेत एकापेक्षा जास्त गाठी किंवा एकच गाठ ३ सेंटिमीटरच्या वर असली की सरळ स्टेज चारमध्ये जायचं, कारण ती पद्धत तंबाखूच्या कॅन्सरच्या अनुभवावर बेतलेली होती. एचपीव्हीच्या पेशंटमध्ये तो अंदाज सतत चुकायला लागला, स्टेज चारचे लोक ठणठणीत फिरत होते, म्हणून २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह ओरोफॅरिंक्ससाठी वेगळं कोष्टक केलं. मूळ गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत आणि मानेतल्या गाठी त्याच बाजूला, ६ सेंटिमीटरच्या आत, तर स्टेज एक. दोन्ही बाजूला गाठी असतील किंवा मूळ गाठ मोठी असेल तर दोन, फारच पसरलेलं असेल तर तीन, आणि स्टेज चार फक्त फुफ्फुस वगैरे दूरच्या ठिकाणी गेला असेल तर. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून मिस्टर नव्या पद्धतीने स्टेज एकमध्येच बसतात. पण एक सांगतो, हे नवं कोष्टक आजार पुढे कसा वागेल ह्याचा अंदाज देतं, ट्रीटमेंट किती द्यायची हे ते ठरवत नाही. स्टेज एक म्हणजे छोटंसं काम, असं इथे धरून चालत नाही.

अंदाज किती चांगला, तर २०१० मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात केमो-रेडिएशन घेतलेल्या पेशंटपैकी एचपीव्ही पॉझिटिव्ह गटात तीन वर्षांनी ८२ टक्के हयात होते, निगेटिव्ह गटात ५७. त्यातही सिगारेट फार न ओढलेल्या किंवा मानेत आजार मर्यादित असलेल्या एचपीव्हीवाल्यांत हा आकडा ९३ टक्के. सिगारेटचा फरक इतका मोठा आहे की दहा वर्षं रोज एक पाकीट ह्यापेक्षा जास्त ओढलेला माणूस, मानेत आजार जास्त पसरलेला असेल तर, एचपीव्ही पॉझिटिव्ह असूनही मधल्या गटात येतो. मिस्टरांनी कधीच ओढली नाही हे त्यांच्या बाजूचं मोठं वजन आहे.

मघाशी म्हटलं ना पी१६ ही पाऊलखूण आहे, तर कधीकधी पाऊलखूण दुसऱ्याचीही निघते. २०२३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या साडेसात हजारांहून जास्त पेशंटचा एकत्र अभ्यास आला, त्यात साधारण ९ टक्के लोकांत पी१६ एक सांगतंय आणि व्हायरसची थेट टेस्ट दुसरंच. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांत पाच वर्षांनी ८१ टक्के हयात, दोन्ही निगेटिव्हमध्ये ४० टक्के, आणि एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह असलेले मधे, ५३-५५ च्या आसपास. जिथे एचपीव्हीचे कॅन्सर कमी आणि तंबाखूचे जास्त तिथे नुसता पी१६ फसवण्याची शक्यता वाढते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मिस्टरांच्या त्याच ब्लॉकवर, म्हणजे लॅबने जपून ठेवलेल्या नमुन्यावर, व्हायरसची थेट टेस्ट, इन सिटू हायब्रिडायझेशन किंवा पीसीआर, करायला सांगा. नवा तुकडा काढावा लागत नाही, पॅथॉलॉजीतून ब्लॉक किंवा स्लाइड मागवली की होतं.

आता तो 'चांगला कॅन्सर, मग कमी ट्रीटमेंट' वाला प्रश्न. हा प्रश्न तुमच्याइतकाच आम्हा डॉक्टरांनाही पंधरा वर्षं पडलाय, कारण हे पेशंट तरुण असतात, पुढे तीस वर्षं जगणार असतात, आणि रेडिएशनने कोरडं पडलेलं तोंड, गिळायचा त्रास, सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाने कमी झालेलं ऐकू येणं हे सगळं तीस वर्षं सोबत राहतं. म्हणून कमी करून बघण्याचे प्रयोग झाले, नीट, मोठ्या संख्येवर. पहिला प्रयत्न सिस्प्लॅटिनच्या जागी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध, लोकांना वाटलं हे सौम्य पडेल. २०१८ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्सचे निकाल एकदम आले, अमेरिकेतल्या आठशेवर पेशंटच्या ट्रायलमध्ये पाच वर्षांनी सिस्प्लॅटिनवाले साधारण ८५ टक्के हयात आणि सेटुक्सिमॅबवाले ७८, युरोपातल्या ट्रायलमध्ये दोनच वर्षांत ९७ विरुद्ध ८९, आणि त्रास काही एकंदरीत कमी झाला नाही. दुसरा प्रयत्न रेडिएशनचा डोस ७० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) वरून ६० वर आणायचा. निवडून घेतलेले चांगल्या गटातले, सिगारेट फारशी न ओढलेले पेशंट, तरीही २०२४ मध्ये निकाल सांगितला तेव्हा ७० ग्रे आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत दोन वर्षांनी ९८ टक्के लोकांचा आजार परत आला नव्हता आणि कमी डोसवाल्यांत ९० च्या जवळपास. ९० सुद्धा वाईट नाही, पण जे ९८ मिळत होते ते सोडून द्यायचे का, हा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. प्रयोगाच्या बाहेर, कुणी आपल्या मनाने डोस कमी करून देतो म्हणत असेल तर नका घेऊ.

एका वाटेने थोडं कमी करता येतं, ती ऑपरेशनची. गाठ लहान असेल, तोंडातून पोचता येत असेल तर रोबोटने किंवा लेझरने टॉन्सिलसकट ती काढायची, मानेतल्या गाठी काढायच्या, आणि मग पॅथॉलॉजी बघून पुढचं रेडिएशन ठरवायचं. एका ट्रायलमध्ये मधल्या धोक्याच्या पेशंटना ऑपरेशननंतर ६० ऐवजी ५० ग्रे देऊन चांगले परिणाम दिसले. पण मी सर्जन असूनही सांगतो, गाठीच्या कडा साफ मिळणार नाहीत किंवा मानेतली गाठ कव्हर फोडून बाहेर आलीय असं स्कॅनवर आधीच दिसत असेल तर ऑपरेशन करून पुन्हा पूर्ण केमो-रेडिएशनही घ्यावं लागतं, म्हणजे तिन्ही त्रास एकाच माणसाला. अशा वेळी सुरुवातीलाच केमो-रेडिएशन बरं. हा निर्णय एका डॉक्टरने एकट्याने घ्यायचा नसतो, सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले तिघांनी एकत्र बसून स्कॅन बघायला हवा, तसं बसलेत का हे तुम्ही विचारू शकता.

ट्रीटमेंट संपल्यावर पेट स्कॅनची घाई करू नका, साधारण बारा आठवड्यांनी करायचा असतो. एचपीव्हीच्या मानेतल्या गाठी हळूहळू विरघळतात, सहाव्या आठवड्यात हाताला लागली म्हणून घाबरून मान उघडणारे मी पाहिलेत, आत काहीच जिवंत निघालं नाही. स्कॅन साफ असेल तर मानेचं ऑपरेशन लागत नाही, हे ब्रिटनमधल्या ५६४ पेशंटच्या ट्रायलने २०१६ मध्येच दाखवलंय. अलीकडे रक्तातला एचपीव्हीचा डीएनए मोजायची टेस्टही आलीय, गाठीतून सुटलेले तुकडे रक्तात सापडतात, ट्रीटमेंटनंतर ते नाहीसे झाले आणि पुढे पुन्हा दिसायला लागले तर स्कॅनच्या आधी सूचना मिळू शकते. उपयोगाची आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये, कॅमेऱ्याने घसा बघणं आणि मान हाताने तपासणं चालूच ठेवायचं. हा कॅन्सर क्वचित उशिरा, तीन-चार वर्षांनीही, फुफ्फुसात वगैरे डोकं वर काढतो, म्हणून पाच वर्षं फेऱ्या चुकवू नका.

मुलांचं. मुलगा तेरा आणि मुलगी सोळा असं तुम्ही लिहिलंय, दोघांनाही लस द्या, आणि मुलाला नक्की द्या कारण लोक ही लस फक्त मुलींची समजतात. लसीत व्हायरसचं नुसतं बाहेरचं कवच असतं, आत डीएनए नसतो, त्यामुळे लसीतून संसर्ग होण्याचा प्रश्नच नाही. पहिली लस २००६ मध्ये आली, ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही द्यायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, नऊ प्रकारांवरच्या लसीच्या कागदावर घशाच्या कॅन्सरपासून बचाव हेही कारण जोडलं. कोस्टा रिकातल्या अभ्यासात लस घेतलेल्या बायकांच्या तोंडात चार वर्षांनी १६ आणि १८ नंबरचा संसर्ग ९३ टक्क्यांनी कमी दिसला. कॅन्सर कमी झाल्याचे आकडे यायला वेळ लागणार, कारण कॅन्सरच दशकांनी होतो, पण संसर्गच झाला नाही तर पुढचं काही होणार नाही. शरीरसंबंध सुरू होण्याच्या आधी घेतली तर फायदा सगळ्यात जास्त, पंधराव्या वाढदिवसाच्या आधी सुरू केली तर सहसा दोन डोस, नंतर तीन. मिस्टरांना मात्र लस देऊन ह्या कॅन्सरवर काही परिणाम होणार नाही, ती आत बसलेल्या व्हायरसला काढत नाही.

शेवटी एक काम ह्याच आठवड्यातलं, आणि हे पुष्कळ ठिकाणी राहून जातं. रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायच्या आधी मिस्टरांना दातांच्या डॉक्टरकडे न्या. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड उघडं पडून सडू शकतं, म्हणून जो दात टिकणार नाही तो आधीच काढायचा, आणि ती जागा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, ते दिवस आत्ताच हिशोबात धरा म्हणजे ट्रीटमेंट पुढे ढकलावी लागणार नाही. त्याच फेरीत गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टलाही भेटून घ्या, घसा दुखायला लागायच्या आधी शिकलेले व्यायाम दुखताना करता येतात, दुखायला लागल्यावर शिकायला घेतले तर कुणी करत नाही. थेट टेस्टचा रिपोर्ट आला की त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळवा, मी बघतो.